काही लागत नाही

कागदाची पट्टी जिभेवर टेकली मात्र, नूपुरच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. वर्गात एकच गिल्ला झाला होता. निम्मी मुलं तोंडं वेडीवाकडी करून बाटल्यांमधलं पाणी घटाघटा पीत होती आणि उरलेली निम्मी तीच पट्टी चघळत त्यांच्याकडे बघत होती, ह्यांना झालंय तरी काय अशा चेहऱ्याने. खिडकीपाशी बसणारा एक मुलगा म्हणाला, "टीचर, नुसता कागद आहे हा. हे सगळे ॲक्टिंग करतायत." त्यावर अर्धा वर्ग त्याच्या अंगावर धावून गेला. एरवी तिने फळ्यावर डस्टर आपटून सगळ्यांना गप्प केलं असतं. आज ती फळ्याकडे तोंड करून उभी राहिली आणि पाणी न पिता तो कडूपणा जिभेच्या मागच्या बाजूला पसरू दिला. तिला आश्चर्य वाटलं नव्हतं, ओळख पटली होती. ही चव तिला पाठ होती. गिरगावातल्या घरात, जेवणाच्या टेबलाच्या भिंतीकडच्या खुर्चीवर बसून तिने ती पाठ केली होती. कोबीत थोडी कमी असायची, मुळ्यात थोडी वेगळी, पण नवलकोल म्हणजे नेमकी हीच.

दहावीला आनुवंशिकतेचा धडा ती बरीच वर्षं शिकवत होती. दरवर्षी कानाची पाळी, गालावरची खळी, जीभ वळवता येते का, एवढ्यावर तास संपायचा. ह्या वर्षी तिची मैत्रीण संघमित्रा, जी कॉलेजात जीवशास्त्र शिकवायची, तिने ह्या पट्ट्यांची छोटी बाटली दिली होती. पट्टीवर एक निरुपद्रवी रसायन लावलेलं असतं. काहींना ते भयंकर कडू लागतं, काहींना काहीच लागत नाही, आणि हा फरक बहुतांशी एका जनुकाचा. दादरच्या त्यांच्या शाळेत असलं काही कुणी केलं नव्हतं. मुख्याध्यापिकांनी दोनदा विचारून मग परवानगी दिली. मुलांच्या आधी आपण चाखून बघावं हे तिला सुचलंच नव्हतं, म्हणून मग सगळ्यांबरोबरच तिने पट्टी तोंडात टाकली होती.

वर्ग निवळल्यावर तिने फळ्यावर चार घरांची चौकट काढली. मोठा टी म्हणजे चव कळण्याचं जनुक, तो प्रभावी. छोटा टी अप्रभावी. प्रत्येकाकडे दोन, एक आईकडून, एक बाबांकडून. दोन्ही छोटे आले तरच पट्टी नुसता कागद. एक जरी मोठा असला तरी कडू. "निसर्ग इतका सरळ नसतो, पण सुरुवात इथून करायची," ती म्हणाली. मुलं वह्यांत चौकट उतरवत होती. दुसऱ्या बाकावरची ऋग्वेदा, जिला एखादी गोष्ट कळली की ती लगेच कुणावर तरी वापरून बघायची असायची, तिने हात वर केला.

"टीचर, तुम्हाला कडू लागलं ना?"

"हो."

"मग तुमच्या आईबाबांना?"

"वडिलांना लागत नसणार," नूपुर सहज म्हणाली. हसलीसुद्धा. "त्यांना कशाचंच काही लागत नाही."

"म्हणजे ते छोटा टी, छोटा टी." ऋग्वेदाने पेन्सिलीने हवेत चौकट काढली. "मग मोठा टी त्यांच्याकडून येऊच शकत नाही. आईकडूनच आला. आईला कडू लागत असणारच, टीचर. लागायलाच पाहिजे."

"करेक्ट," नूपुर म्हणाली, आणि घंटा झाली. शनिवारची शाळा सुटली. मुलं दप्तरं उचलून गेली, जाता जाता कुणीतरी उरलेली पट्टी कुणाच्या तरी तोंडात कोंबायच्या प्रयत्नात होतं, आणि ती खडूचा तुकडा हातात धरून त्या चौकटीकडे बघत राहिली. ह्या चौकटीत तिने आजवर वाटाण्याची झाडं भरली होती, उंच आणि बुटकी. त्यात कधी आई बसवून बघितली नव्हती.

आईला कडू लागत असणारच. हे कसं शक्य आहे? आई तर म्हणायची, "खा गं, काही लागत नाही." स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून, हाताला कणीक असताना, अगदी साध्या आवाजात. तेच वाक्य नूपुरला सगळ्यात जास्त लागलेलं होतं. अप्पांचं तसं काही वाटायचं नाही. अप्पा एका विमा कंपनीत हेडक्लार्क होते आणि घरीही त्यांचं सगळं शिस्तीत चालायचं. ताटात वाढलेलं संपवायचं, हा नियम. ते कधी ओरडले नाहीत, कधी हात उगारला नाही. ती ताटापुढे रडवेली होऊन बसली की ते समोर पेपर घेऊन बसायचे, आणि तिचं संपेपर्यंत पेपर संपायचा नाही. मधूनच पेपराच्या वरून बघून म्हणायचे, "ढोंग पुरे." तिच्याहून दोन वर्षांनी मोठा अनिश तीच भाजी पोळीत गुंडाळून मजेत खायचा आणि पुन्हा मागायचा. "अनिश बघ कसा खातो," अप्पा म्हणायचे. घरात चार माणसं. तिघांना काही लागत नाही. म्हणजे चौथीची जीभच खोटं बोलत असणार. सात-आठ वर्षांच्या मुलीने ह्याहून वेगळं काय समजायचं? तिने तेच समजून घेतलं होतं आणि मग ते जिभेपुरतं राहिलं नव्हतं. अजूनही स्टाफरूममध्ये गॅसचा वास आला तर ती आधी शेजारणीला विचारायची, "तुम्हालापण येतोय, की मलाच?" ताप आला तर थर्मामीटर दोनदा लावायची. एका माणसाशी लग्न करायचं जवळजवळ ठरलं होतं. त्याच्यातलं काहीतरी तिला खटकत होतं आणि ते खरंच आहे की आपलं ढोंग, हे ठरवण्यात दोन वर्षं गेली. शेवटी त्यानेच दुसरीकडे ठरवलं. विज्ञान शिकवायला ती कदाचित म्हणूनच आली असेल. तिथे आपल्याला काय वाटतं हे कुणी विचारत नाही, मोजून दाखवा म्हणतात.

तिने फळा पुसला. बाटलीत थोड्या पट्ट्या उरल्या होत्या. ती पर्समध्ये टाकताना तिच्या लक्षात आलं की वर्गात तिने एक गोष्ट गृहीत धरली होती. अप्पांना लागत नाही, हे तिला कुठे माहीत होतं? अप्पांना कडू लागत असेल आणि तरीही ते नियम म्हणून खात असतील, तर? ते तसले होते. पेन्शनीच्या कामासाठी भर उन्हात रांगेत उभं राहायचे आणि घरी आल्यावर पाणीसुद्धा मागायचे नाहीत. मग मोठा टी त्यांच्याकडूनही आलेला असू शकतो, आणि आई चौकटीतून निसटते. तेव्हा तिला कळलं की मघापासून आपण काहीतरी घट्ट धरून ठेवलंय.

आई जाऊन आठ महिने झाले होते. गेल्यानंतर नूपुर आरशात आईला शोधत असे. ती प्रभादेवीला एकटी राहायची, आणि इमारतीच्या लिफ्टमधल्या आरशात, रोज सकाळी, खाली पोचेपर्यंत स्वतःचा चेहरा न्याहाळायची. कपाळ अप्पांचं. नाक अप्पांचं. उभं राहताना एका पायावर भार टाकणं अप्पांचं. अक्षरसुद्धा अप्पांसारखं, उजवीकडे झुकलेलं, टपोरं. तेराव्याला आलेली एक लांबची काकू तिची हनुवटी धरून म्हणाली होती, "अगदी बापाची कॉपी. ललिताचं काही म्हणता काही नाही हो हिच्यात." बोलणारी सहज बोलून गेली, पण ते वाक्य नूपुरबरोबर घरी आलं. अनिशचे डोळे तरी आईचे होते. तो बंगलोरला होता आणि दर रविवारी फोनवर एकच विषय काढायचा. अप्पा एकटे आहेत, एक तर ते इकडे येतील नाहीतर तू गिरगावात राहायला जा. अप्पा गिरगाव सोडणार नव्हते. आणि ती दर शनिवारी अप्पांकडे जायची, औषधं बघायची, बिलं भरायची आणि जेवायची वेळ व्हायच्या आत निघायची. कारणं द्यायची. पेपर तपासायचेत, मैत्रीण येणार आहे. त्या टेबलाशी ती बसू शकत नव्हती. आई असताना दोघांमध्ये आई असायची. आता समोरासमोर दोन खुर्च्या आणि मध्ये ताट.

बसला गर्दी नव्हती. परळ मागे पडलं. लालबागच्या नाक्यावर सिग्नलला बस थांबली आणि कुठल्यातरी दुकानात मिरची भाजत होते त्याचा खकाणा एकदम आत आला. कंडक्टर शिंकला, पुढची बाई खोकली, एक बाळ रडायला लागलं, आणि मग सगळी बसच खोकायला लागली. एक आजोबा नाकाला रुमाल लावून म्हणाले, "काय राव, जीव घेता का!" आणि अनोळखी माणसं एकमेकांकडे बघून हसली. नूपुरही हसली. किती सोपं होतं हे. सगळ्यांना एकाच वेळी झोंबलं, कुणाला विचारावं लागलं नाही. भायखळ्याच्या बाजाराजवळ हातगाड्यांवर कोबीचे ढीग दिसले आणि तिला एक जुनी गोष्ट आठवली, जी ती विसरलेली नव्हती पण जिच्याकडे तिने कधी नीट बघितलं नव्हतं. अप्पा ऑफिसच्या कामासाठी अधूनमधून नागपूरला जायचे. ते गेले की आई वरणभात, तूप आणि बटाट्याच्या काचऱ्या करायची. एवढंच. अनिश कुरकुरायचा, भाजी नाही का म्हणून. आई म्हणायची, "आज कंटाळा आलाय रे." ती तिघं खाली चटईवर बसून जेवायची आणि आई पुन्हा पुन्हा भात घ्यायची. एरवी तिचा भात इतकासा असायचा. कंटाळा आलेला माणूस असा जेवतो? आणखी एक. आईच्या नवलकोलात गूळ असायचा, खोबरं असायचं, मुठीने असायचं. अप्पा म्हणायचे, "भाजी आहे की पक्वान्न? गूळ कशाला घालतेस?" आई म्हणायची, "सवय हो." कुणाची सवय? तिच्या माहेरी तर कुणी आमटीतही गूळ घालत नव्हतं. नूपुरने बसच्या खिडकीची दांडी पकडली. तिला आईचा राग आला, चांगलाच आला. तुला माहीत होतं. तुझ्या तोंडात तेच होतं आणि तू दारात उभी राहून मला सांगत होतीस, काही लागत नाही. आणि त्या रागाच्या तळाशी, जिथे एरवी नुसतंच खोल काहीतरी असायचं, तिथे आज काहीतरी हाताला लागत होतं. आईची जीभ. ह्या चेहऱ्याच्या आत, बाहेरून कुणाला न दिसणारी. जर अप्पांना लागत नसेल तर.

अप्पा नव्या इमारतीत दहाव्या मजल्यावर राहायचे. जुन्या चाळीच्या जागी झालेली इमारत, बिल्डरने दिलेलं किचन, पण जेवणाचं टेबल तेच होतं. अप्पांनी दार उघडलं. "आज लवकर?" ते म्हणाले. नेहमीसारखा इस्त्रीचा लेंगा, पांढरा शर्ट. आठ महिन्यांत शर्टाची कॉलर मानेभोवती सैल झाली होती.

"अप्पा, बसा. एक प्रयोग करायचाय."

"माझ्यावर?"

"शाळेत सगळ्यांनी केला. ही पट्टी जिभेवर ठेवायची आणि काय लागतं ते सांगायचं. खरं सांगायचं."

"खोटं कशाला सांगेन," अप्पा म्हणाले आणि टेबलाशी बसले. त्यांनी पट्टी उलटसुलट करून बघितली, चष्मा वर करून वास घेतला, आणि जीभ बाहेर काढून तिच्यावर ठेवली. नूपुर त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होती. काही हललं नाही. पण हा चेहरा हलत नसेच कधी. आई गेली तेव्हाही तो असाच होता.

"हं?"

"काय हं? कागद आहे."

"चावून बघा. नीट. थोडंसंसुद्धा कडू?"

अप्पांनी शिस्तीत चावलं, दातांनी बारीक केलं, तोंडात फिरवलं. "काही लागत नाही," ते म्हणाले. "कसली परीक्षा आहे ही? पास झालो का नापास?"

वयाने जीभ मंदावते, हे तिला माहीत होतं. पण सकाळचा चहा जास्त उकळला की तो कडू झाल्याची तक्रार हेच अप्पा आजही करत होते. ह्या एका कडूपणाबद्दल मात्र त्यांची जीभ आयुष्यभर जे सांगत आली तेच आजही सांगत होती. तिने दुसरी पट्टी काढली आणि त्यांच्यासमोर स्वतःच्या जिभेवर ठेवली. तिने चेहरा सावरायचा प्रयत्न केला नाही. ओठ आक्रसले, डोळे मिटले गेले, घशातून आवाज आला, आणि पाणी गालावर आलं. डोळे उघडले तेव्हा अप्पा खुर्चीतून अर्धे उठले होते, हातात पाण्याचं तांब्याभांडं.

"घे, पाणी घे. अगं, काय झालं?"

"हेच लागायचं मला," ती म्हणाली. "नवलकोलात. रोज."

अप्पा उभेच राहिले. त्यांनी बाटली उचलली, तिच्यावरचं लेबल वाचलं, एक पट्टी काढली आणि पुन्हा स्वतःच्या तोंडात टाकली. बराच वेळ चावत राहिले. भिंतीकडे बघत, मान किंचित कलती करून, जसं दूरचा आवाज ऐकायला कलती करतात. मग हळूच म्हणाले, "म्हणजे ते ढोंग नव्हतं."

"नाही."

"खरंच लागायचं."

"हो अप्पा."

ते बसले. टेबलावर विजेच्या बिलाचं पाकीट होतं, त्याच्या मागे तिने चौकट काढली. मोठा टी, छोटा टी. अप्पांना रकाने पटकन कळत. आयुष्य रकान्यांत गेलेलं. त्यांनी बोट ठेवत ठेवत एकेक घर तपासलं. "हे माझे दोन. दोन्ही छोटे. बरोबर? मग माझ्याकडून तुला छोटाच जाणार. अनिशलाही." बोट दुसऱ्या बाजूला गेलं आणि तिथे थांबलं. तिथली दोन घरं रिकामी होती. "तुझ्याकडे मोठा आहे. तो मी दिलेला नाही." ते तिच्याकडे न बघता म्हणाले, "ललिता."

आईचं नाव त्यांच्या तोंडून तिने क्वचितच ऐकलं होतं. 'अगं' असायचं, 'तुझी आई' असायचं.

"तिला लागत होतं? ती तर रोज खायची. माझ्या शेजारी बसून खायची. चाळीस-पंचेचाळीस वर्षं." त्यांचा आवाज चढला, तक्रार करतात तसा. "मग बोलली का नाही?"

"मी बोलत होते की, अप्पा."

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तिचं टीं टीं बराच वेळ वाजत राहिलं. अप्पांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. चष्म्याशिवाय त्यांचा चेहरा तिने लहानपणापासून पाहिला नव्हता असं तिला वाटलं. नाकावर दोन लाल खळगे होते. ते म्हणाले, "बोलली होती. एकदा. लग्न झाल्यावर पहिल्याच आठवड्यात. मी बाजारातून नवलकोल आणले. म्हणाली, आमच्याकडे हे करत नाहीत. मी म्हटलं, आमच्याकडे करतात." ते थांबले. "एवढंच बोलणं झालं. मला वाटलं, माहेरचं कौतुक सांगतेय."

नूपुरला त्यांचं सांत्वन करायचं नव्हतं आणि त्यांना आणखी टोचायचंही नव्हतं. आश्चर्य म्हणजे, बसमधला तो रागही आता आईवर पूर्वीसारखा ठरत नव्हता. विशीतली एक मुलगी नव्या घराच्या ओट्याशी उभी, तोंडात कडू, आणि शेजारी सासू, दीर, नवरा, सगळे मजेत जेवतायत. तिलाही वाटलं असेल, माझंच काहीतरी चुकतंय. तिला तर कुणी पट्टी दिली नव्हती. कदाचित 'काही लागत नाही' हे ती मुलीला सांगतच नसेल. दारात उभी राहून स्वतःला सांगत असेल. मग गूळ सापडला असेल, खोबरं सापडलं असेल, नागपूरचे दिवस सापडले असतील. नूपुरला एकाएकी आईच्या त्या भाताच्या वाढीची आठवण होऊन हसू आलं, आणि अप्पांनी चमकून वर पाहिलं.

"काय?"

"तुम्ही नागपूरला गेलात ना, की आई आम्हाला काचऱ्या करायची. आणि स्वतः तीनतीनदा भात घ्यायची."

"तीनदा?" अप्पा म्हणाले. त्यांना हे नवीन होतं. ते त्या बातमीकडे जरा वेळ बघत बसले आणि मग त्यांच्याही ओठाचा एक कोपरा हलला. "मला वाटायचं, तिला भूकच कमी."

औषधं, बिलं उरकेपर्यंत बाहेर उजेड उतरायला लागला होता. ह्या वेळेला ती पर्स खांद्याला लावायची. अप्पांनीही सवयीने घड्याळाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि ती उठत नाही हे बघून चष्मा लावून स्वतः उठले. स्वयंपाकघरात गेले. डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज झाला. पोळीभाजीचा डबा देणाऱ्या मीराबाईंनी पाठवलेलं त्यांनी बघितलं आणि झाकण परत लावलं. मग दारात येऊन उभे राहिले, जरा अवघडून.

"मी पिठलं करायला शिकलोय," ते म्हणाले. "तुला चालतं का? म्हणजे, कसं लागतं तुला पिठलं?"

एकेचाळीस वर्षांत हा प्रश्न त्यांनी तिला विचारला नव्हता. तिने खरोखर विचार केला. पिठलं. हिरवी मिरची, लसूण, वर कच्चं तेल. "आवडतं," ती म्हणाली. "मला आवडतं."

ती ओट्याशी जाऊन उभी राहिली. अप्पांनी मोजून बेसन घेतलं, गुठळ्या मोडल्या, फोडणी जरा करपवली आणि तिने काही म्हणायच्या आत "करपली" असं स्वतःच कबूल केलं. कढईत पिठलं खदखदायला लागलं. वाफेने त्यांच्या चष्म्याची काच धूसर झाली. त्यांनी चमचाभर पिठलं घेतलं, फुंकर मारली आणि सवयीने स्वतःच्या ओठांपर्यंत नेलं. तिथे हात थांबला. मग त्यांनी चमचा वळवून तिच्यासमोर धरला, खाली दुसऱ्या हाताची ओंजळ करून, सांडू नये म्हणून.

"मीठ बघ गं. मला काय कळतंय."

नूपुरने चाखलं. शेजारी कुणाला विचारावं असं तिला वाटलं नाही.

"कमी आहे," ती म्हणाली.

अप्पांनी चिमूटभर मीठ घातलं, ढवळलं आणि पुन्हा चमचा भरला.

"आता?"